घुंगरांनी सोललेले घोटे

अरे, आमच्या खापर गावच्या घरात येशूवरून चूल वेगळी व्हायची वेळ आली होती! साहेबाचं राज्य होतं तेव्हा. बाबा आणि काका, दोघंही नवे ख्रिस्ती.

बाबा म्हणायचे, “येशू देवच शे!”

बायबलात येशू रडला ती ओळ दाखवत काका उसळायचा, “माणूस शे! देव व्हता तं रडना कसा?”

एका पहाटे दोघांनी चहासुद्धा तसाच ठेवला. आई डोंगरातल्या काठी गावाकडची. चुलीच्या धुराकडे बघत, झोपेत बोलावं तशी ती म्हणाली, “होळीला माझा भाऊ नवसाचा बावा व्हायचा, अंगाला राख फासून नाचायचा. तेवढे दिवस तो देव. मी त्याच्या पाया पडायची.”

काका म्हणाला, “वहिनी, तवय तो तुमना भाऊ नव्हता का?”

“होता ना. वाकले की घुंगरांनी सोललेले घोटे दिसायचे.”