पिशवी धरणाऱ्याची धनत्रयोदशी

...नाही, पण मी म्हणतो, काय घ्यावं, काय घेऊ नये, कुठल्या वेळेला घ्यावं, घरी आणून कुठल्या दिशेला तोंड करून ठेवावं, एवढं सगळं ज्यांनी ठरवलं, त्यांना एक वाक्य नवऱ्यांसाठी नको होतं ठरवायला? की बाबांनो, ज्याला बाजारातलं ओ की ठो कळत नाही त्याने धनत्रयोदशीला घरी बसावं, ते शुभ असतं. बस, एवढंच. पण नाही. आणि मग माझ्यासारखा माणूस ऐन सणाच्या दिवशी मुलुंडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहतो, घामाने डबडबलेला, आणि लोक त्याला ओलांडून आत जातात.

तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून आमची दिवाळीची खरेदी एकाच पद्धतीने होते. शुभा निवडते आणि मी पिशवी धरतो. म्हणजे तसं लग्नात कुणी लिहून नाही घेतलं, पण पहिल्याच दिवाळीत मी एकदा म्हटलं होतं, "ही कढई छान आहे," तर ती म्हणाली, "अहो, ती लोखंडाची आहे, आजच्या दिवशी लोखंड नेतात का घरात?" संपलं. त्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवलं आणि पिशवी उघडी. आणि अभिमानाने सांगतो, इतक्या वर्षांत पिशवी एकदाही हातातून सुटली नाही. गर्दीत शुभा हरवलीये, मुलगी हरवलीये, एकदा तर मी स्वतः हरवलो होतो, पण पिशवी नाही. मी पिशवी धरणारा माणूस आहे, आणि त्यात मी चांगला आहे. आपल्याला काय येतं ते माणसाला माहीत असावं ना?

पण यंदा काय झालं, नवरात्र संपता संपता शुभाचा पाय घसरला आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात. घोट्याला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं, चला, यंदा खरेदी गार्गी करेल. गार्गी म्हणजे आमची मुलगी, कॉलेजात आहे, फोनवर बोट फिरवते आणि दहा मिनिटांत माणूस दारात उभा करते. ती म्हणालीच, "आई, मागवते ना मी, केरसुणीसुद्धा मिळते." तर शुभा म्हणाली, "नको. बाबा आणतील."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, माझे वडील आलेत की काय... ते जाऊन कैक वर्षं झाली.

"मी?"

"हो, तुम्ही. एक भांडं आणि एक लक्ष्मी." लक्ष्मी म्हणजे केरसुणी, शिंदीच्या पानांची, नवी आणतात आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पुजतात, एवढं मलाही माहीत आहे. "आणि मला फोन करायचा नाही," ती म्हणाली. "तुमच्या मनाने आणा. जे आणाल त्याची मी पूजा करीन, एक शब्द बोलणार नाही."

आता मला सांगा, बायको म्हणते एक शब्द बोलणार नाही, याच्याइतकी भीती दुसरी कशाची असते? मी म्हटलं, "अगं पण मी पिशवी धरणारा माणूस..." तर ती प्लास्टरकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जिन्यात पडले ना, तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? मला काही झालं, तर या माणसाला घरात चहाचं भांडं कुठलं आणि देवाचं कुठलं, हेसुद्धा सांगता यायचं नाही. इतकी वर्षं घरात राहता की लॉजमध्ये, तेच कळत नाही मला."

लागलं हो. खोटं कशाला बोलू, लागलं. खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि निघालो.

खाली अबोली वहिनी भेटल्या. या आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात, आणि यांचं आमच्या घराशी रोज सकाळी एक भांडण असतं, ते पुढे सांगतो. तर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एकटेच? खरेदीला? ऐका, स्टील घेऊ नका हां, स्टील म्हणजे शेवटी लोखंडच. काच नको. काळं काही नको. सुरी-कात्री तर बघूसुद्धा नका. ॲल्युमिनियम तर अजिबात नको." मी म्हटलं, "वहिनी, मग घ्यायचं काय?" त्या म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा, ज्याची त्याची आवड." वा. म्हणजे काय नको हे सगळं शास्त्रात, आणि काय हवं ते माझ्या आवडीवर.

रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आलो. फुटपाथवर मावशी बसलेल्या, पुढ्यात केरसुण्यांचा हा ढीग. "लक्ष्मी घ्या, लक्ष्मी!" मी एक उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली, शेजारची बाई बांधणी ओढून बघत होती म्हणून मीही ओढून बघितली, आणि विचारलं, "मावशी, चांगली आहे ना?" मावशी म्हणतात, "लक्ष्मी कधी वाईट असते का दादा?" म्हटलं, घेतो. पण पुन्हा प्रश्न, लहान घेऊ की मोठी? लहान होती ती गोंडस, सोनेरी लेस लावलेली, बाहुलीच्या घरात शोभेल अशी. मोठी आपली साधी, पण दणकट. मनात म्हटलं, शुभा पूजा झाल्यावर त्याच केरसुणीने झाडते, लेसवालीने काय देवाचे कान साफ करणार? मोठी घेतली. पिशवीत घातली, वरचा गोंडा बाहेर राहिला. छाती फुगली राव. निम्मी खरेदी झाली, आणि चूक अजून एकही नाही.

मग भांड्यांचं दुकान. अहो, काय गर्दी! आत शेठ ओरडतोय, "आवो साहेब, बोला, काय देऊ? तांबा देऊ, हेल्थला एकदम बेस्ट. डिनर सेट देऊ? कुकर देऊ? कुकरवर ऑफर आहे." मी म्हटलं, "कुकर चालतो का त्रयोदशीला?" तो म्हणाला, "साहेब, आज सगळं चालतं, पैसा चालला पायजे." एक आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुकर कसला नेता, शिट्ट्या मारत लक्ष्मी येते काय?" मी कुकर ठेवला. समई उचलली. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी समईपण ठेवली. तुम्हाला सांगतो, मी त्या दुकानात इतकी भांडी उचलली आणि ठेवली की एका बाईंनी मला दुकानातला माणूस समजून परातीचा भाव विचारला.

शेवटी राहवलं नाही. फोन लावला. हो, नको म्हटलं होतं, तरी लावला. गार्गीने उचलला.

"गार्गी, ऐक ना, आईला न सांगता..."

"आई समोरच आहे बाबा. ती म्हणतेय सांगायचं नाही. पण तिच्या पायाच्या गोळ्या संपल्यात, तेवढ्या आण." आणि कट.

समोरच्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या, परत दुकानात आलो, आणि खरं सांगतो, तिथेच खांबाला टेकून डोळे मिटले. म्हटलं, श्यामसुंदरराव, आपलं स्वयंपाकघर आठवा. आठवा की! तर काय दिसलं? फ्रिज दिसला. फ्रिजवरचं लोकरी कव्हर दिसलं. पुढे अंधार. वाट लागली म्हटलं, शुभाचं खरं आहे, मी लॉजमध्येच राहतोय.

आणि मग एकदम कानात आवाज आला. "शुभाताई, पाणीऽऽ!"

अबोली वहिनींचा. तेच रोजचं भांडण. आमची तुळस आहे बेडरूमच्या ग्रिलमध्ये. शुभा आंघोळ करून रोज तुळशीला पाणी घालते, एका पितळी तांब्याने. त्या तांब्याचा काठ एका बाजूला चेपलाय. त्यामुळे पाणी सरळ कुंडीत पडतच नाही, काठावरून मागे फिरतं, तांब्याच्या पोटावरून घरंगळतं, ग्रिलमधून खाली, थेट वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. रोज! मग शुभा काय करते, तांब्या डाव्या हातात धरते, अंगठा त्या चेपलेल्या जागी दाबून ठेवते आणि तिरपी होऊन पाणी घालते. तरी थोडं गळतंच. मग ती पदराने, नाही, आता गाऊनच्या बाहीने तांब्याचं पोट पुसते. मी तिथेच पलंगावर चहा पीत बसलेला असतो. हे मी रोज बघत होतो, आणि मला माहीतच नव्हतं की मी बघतोय.

डोळे उघडले. म्हटलं, "शेठ, पितळी तांब्या दाखव. आणि पाणी आण."

"पाणी पिणार साहेब?"

"ओतणार."

आता या कामाला दोन्ही हात लागतात. केरसुणी जमिनीवर कशी ठेवायची, लोकांचे पाय लागतील, म्हणून पिशवी बाजूच्या स्टुलावर नीट ठेवली आणि बाह्या सरसावल्या. एकेक तांब्या भरायचा, परातीत ओतायचा. पहिला गळला. दुसरा भसाभसा ओततो, तुळस वाहून जाईल. तिसऱ्याचा काठ चांगला, पण शुभाच्या मुठीत मावायचा नाही. अहो, गर्दी थांबली बघायला! ती आजी शेठला म्हणते, "यांना येतं हो भांडं बघता." मला! आयुष्यात पहिल्यांदा! आणि मग एक तांब्या असा मिळाला, तुम्हाला सांगतो, पाण्याची धार अशी सरळ, सुतासारखी, आणि पोटावर एक थेंब नाही. हा. हाच. शेठ म्हणाला, "थैली देऊ?" म्हटलं, "नको, असाच नेतो." दोन्ही हातांत धरून पुलावरून असा चाललो, जसा काही ऑफिसच्या क्रिकेटचा कप जिंकलाय.

गेटवर अबोली वहिनी. "अगंबाई, भावोजी! रिकामा तांब्या नेताय घरात? त्रयोदशीला? काहीतरी घाला त्यात, साखर, तांदूळ, काहीही, पण रिकामा नको." आता काहीही म्हणजे काय? माझ्याकडे लिफ्टमध्ये काय असणार? खिसा चाचपला, गोळ्या लागल्या. टाकल्या तांब्यात.

घरात गेलो. शुभापुढे तांब्या ठेवला. तिने आधी काठावरून बोट फिरवलं, सगळीकडून, गोल. मग गार्गीला म्हणाली, "पाणी आण गं." मी म्हटलं, "थांब, आत बघ आधी." तिने आत बघितलं, गोळ्यांची पाकिटं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रिकामा आणू नये म्हणतात. आणि आज धन्वंतरीचा दिवस ना? औषधांचा देव." अहो, हे मला तिथल्या तिथे सुचलं, आईशप्पथ. तिने गोळ्या बाहेर काढल्या, पाणी भरलं, वाटीत ओतून बघितलं. एक थेंब गळला नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "म्हणजे तुम्ही बघत होता."

"रोज," मी म्हटलं. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांच्या संसारात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिने डोळे पुसले, आणि प्रेमाने विचारलं, "आणि लक्ष्मी कुठाय?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. उजव्याकडे बघितलं. डाव्याकडे बघितलं. दोन्ही मोकळे.

इतक्या वर्षांत एकदाही नाही हो! एकदाही नाही! आणि ज्या दिवशी निवडणारा झालो, त्याच दिवशी पिशवी...

शुभा शब्दाला जागली, एक शब्द बोलली नाही. फक्त इतकी हसली, इतकी हसली की प्लास्टरचा पाय स्टुलावरून खाली आला. मी परत निघालो. पूल ओलांडला. दुकानात पोचलो, तर शेठने पिशवी आत गल्ल्याजवळ ठेवलेली, केरसुणीच्या गोंड्याला कुंकू लावलेलं, पुढे झेंडूचं फूल. म्हणतो कसा, "साहेब, तुम्ही लक्ष्मी आमच्याकडे सोडून गेलात, तेव्हापासून गिऱ्हाईक थांबत नाय. पुढच्या वर्षीपण विसरा ना."

मी पिशवीला हात घातला, तर मागून कुणीतरी आधीच उचलली. गार्गी. आईने पाठवली होती माझ्या पाठोपाठ.

"दे बाबा," म्हणाली, "मी धरते."

"आणि मी काय करू?"

"तू नुसता चाल."