साखराबाईंची उलटतपासणी

(लातूरच्या बसस्टँडसमोरचं चहाचं हॉटेल. साखराबाई, त्यांची लेक सुकन्या आणि त्यांच्या वकील बुद्धप्रिया सिनेमा बघून अहमदपूरच्या गाडीची वाट बघत बसल्या आहेत.)

साखराबाई : मग आपल्या कोर्टात का न्हाईत त्या पिक्चरसारखे दिवे? वकिलाच्या डोक्यावर पाच दिवे पायजेत बघा. खोटं बोलला की एक विझला पायजे. किशनभावजीच्या त्या बसलिंगप्पा वकिलाचे तर तोंड उघडायच्या आधीच पाची विझले असते.

बुद्धप्रिया : काकू, तो पिक्चर होता. मोबाईलवरच्या गेमवरून काढलेला. खऱ्या कोर्टात तसलं काही नसतं.

सुकन्या : आन् माय, खोटं बोलल्यावर न्हाई, चुकीची हरकत घेतल्यावर दिवा जातो. मी खेळते ना ती गेम. पाची गेले की केस हरली. मग मागं जिथं सेव्ह केलं होतं तिथून परत खेळायचं.

साखराबाई : म्हणून ते समदे उलटे चालून राहिले होते व्हय! मला वाटलं मशीन बिघडली. पट्टेवाला उलटा पळून राहिला, त्या बाईनं पिलेलं पाणी परत गिलासात आलं. मी म्हणलं, हे काय आक्रीत!

सुकन्या : मनात न्हाई, मोठ्यानं म्हणलीस. पुढच्या रांगेतले मागं वळून बघून राहिले होते.

साखराबाई : बघू दे. तिकीट काढलंय आपण. आन् तो फेट्यावाला साक्षीदार! खोटं बोलला की फेटा टुणकन वर. दोन्ही हातांनी दाबून धरला तर मिशा वर! हसून हसून बरगडी दुखून राहिली माझी.

बुद्धप्रिया : हसलात ते बरं झालं. कोर्टाची भीती मोडावी म्हणून तर सुकन्या तुम्हाला घेऊन आली.

साखराबाई : भीती कुठं मोडती, बाई? उद्या तारीख हाय की. बरं, तुम्ही का वरडत न्हाईत कोर्टात? त्या पिक्चरमधल्या पोरीनं टेबलावर हात आपटला तर झोपलेला जज जागा झाला.

बुद्धप्रिया : आपले साहेब जागेच असतात. मी टेबल आपटलं तर मलाच बाहेर काढतील. आणि काकू, मी कितीही ओरडले तरी साक्ष तुमची आहे. मागच्या तारखेला काय झालं?

साखराबाई : कशाला काढता ते?

बुद्धप्रिया : काढायलाच पाहिजे. बसलिंगप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, मालकाचं नाव सांगा. तुम्ही खाली मान घातली. ते लगेच म्हणाले, 'साहेब, नवऱ्याचं नाव येत नाही आणि नवऱ्याच्या हिश्श्याची जमीन पाहिजे!' सगळं कोर्ट हसलं. मग तुम्ही पुढच्या एकाही प्रश्नाला तोंड उघडलं नाहीत.

सुकन्या : किशनकाका तर मिशीवर हात फिरवून राहिले होते.

बुद्धप्रिया : साहेब भले, म्हणून पुढची तारीख दिली. उद्याही गप्प राहिलात तर तुमची साक्षच राहणार नाही. मग तुमचे दीर म्हणतील तेच खरं. भावानं जाण्याआधी जमीन तोंडी मला देऊन टाकली, विषय संपला.

साखराबाई : कळतंय मला. पण उभ्या जन्मात नाव घेतलं न्हाई, बाई. लग्नात घेतलं, ते पण उखाण्यात. उद्या उखाण्यात घेतलं तर चालंल का?

बुद्धप्रिया : साक्षीच्या पिंजऱ्यात उखाणा?

साखराबाई : दोनच वळी. जजसायबाला पण जरा बरं वाटंल.

सुकन्या : साहेब ते टायपिस्टला लिहून घ्यायला लावतील, माय. चांदीचं ताट, सोन्याची वाटी, वादीचा जबाब संपला.

साखराबाई : हास. तुला काय जातंय? तुझ्या जन्माच्या आधी ह्याच स्टँडवर चुकामूक झाली आमची. ते चुकून किल्लारीच्या गाडीत चढून राहिले होते. मी मागून पळून राहिले, 'अवं! अवं!' करत. स्टँडावरच्या समद्या बाप्यांनी माना वळवल्या. ह्यांनीच न्हाई. गाडी गेली की!

सुकन्या : मग?

साखराबाई : मग काय, औशावरून माघारी आले. म्हणले, नावानं हाक मारायची की, येडे. मी म्हणलं, जीभ झडंल माझी. त्यांना राग न्हाई आला. पण म्हणले, ऐकायला बरं वाटलं असतं.

बुद्धप्रिया : मग काकू, त्यांची तर परवानगीच आहे.

साखराबाई : त्यांची हाय. जिभेची न्हाई.

सुकन्या : चल, गेम खेळू. मी बसलिंगप्पा. बोला बाई, मालकाचं नाव काय?

साखराबाई : ...च्या गार झाला बघ तुझा.

सुकन्या : झालं! गेला दिवा. बरं, उलटं करू. तू बसलिंगप्पा, मी साखराबाई. मॅडम, पिशवीतला कोट द्या हिला.

बुद्धप्रिया : घ्या काकू. सकाळीच इथल्या कोर्टात घातला होता, गरम होईल जरा.

साखराबाई : मला? लोक बघून राहिलेत की. बरं, थांबा. तो आधी खाकरतो. मग पँट वर वढतो. मग बोलतो. हं! साखराबाई तूच का?

सुकन्या : हाव जी.

साखराबाई : वर बघ! चोरावानी खाली काय बघतीस? त्या रानात कधी पाय तरी ठिवला का तू?

सुकन्या : रोज जायचे जी. पेरायला, खुरपायला.

साखराबाई : खोटं! गेला तुझा एक दिवा!

बुद्धप्रिया : काकू, दिवे वकिलाचे जातात. आणि टेबल हळू आपटा, कप पडतील.

साखराबाई : गप बसा, वकीलबाई! मी बोलून राहिलो हाय! साहेब, ही बाई बनावट हाय. हिचं लगीन कुणी बघितलं?

सुकन्या : समद्या गावानं जी.

साखराबाई : गाव जेवायला आलतं! साहेब, माझे अशील किशनराव देवमाणूस. भावानं जमीन त्यांना तोंडी दिली. ऐकायला कोण होतं? कुणीच न्हाई! आन् ही कोण लागून गेली? म्हणं मी रामलिंगची बायको! म्हणं रामलिंगच्या जोडीनं हीर खांदली, टोपल्यानं माती वढली! म्हणं रामलिंगला ताप चढला तवा उशाला मीच होते! आन् हे किशनराव कुठं होते तवा? दवाखान्याच्या दारात तरी आले का? रामलिंगनं शेवटाला हात माझा धरला, ह्यांचा न्हाई! विचारा त्यांना, विचारा!

सुकन्या : माय.

साखराबाई : वकिलाला माय म्हणतीस?

सुकन्या : माय, तू नाव घेतलंस.

साखराबाई : कुणाचं?

बुद्धप्रिया : त्यांचं. एकदा नाही, चारदा.

साखराबाई : आगं बया! मी न्हाई गं. ते वकिलानं घेतलं.

बुद्धप्रिया : वकिलानं फक्त पहिल्यांदा घेतलं, काकू. पुढचं सगळं तुम्ही बोललात. उद्या एवढंच बोला, मला दुसरं काही नको.

साखराबाई : हॉटेलवाल्यानं ऐकलं का?

सुकन्या : पार पानटपरीपर्यंत ऐकू गेलं.

साखराबाई : जीभ हाय का बघ गं माझी.

सुकन्या : हाय. चांगली लांब हाय. उठ आता, अहमदपूरची गाडी लागली.

साखराबाई : कोट घ्या वकीलबाई तुमचा. आन् दोघी पुढं व्हा, जागा धरा. मला एकदा त्यांचं नाव माझ्या तोंडानं घेऊन बघू द्या.