रोपवेची रांग

ख्यूल नदीकाठी टेकडीवर जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. त्याच्या अंगात सायकल शर्यतीचा घट्ट पिवळा पोशाख.

"हुब, अर्धा तास झाला. चालत एव्हाना वर पोचलो असतो."

"माझा गुडघा, मार्लीन."

"गुडघ्याचं काय? सायकल तर बॅटरीवर चालते तुझी!"

"चढावर बॅटरीच संपली, मी काय करू? ते सोड, आईच्या फॉर्मवर सही कर. सोमवारी वृद्धाश्रमात द्यायचाय."

"कारण काय लिहिलंस?"

"वय त्र्याऐंशी. चढावरच्या घरात राहणं झेपत नाही."

"त्यांना सांगितलंस?"

"वर गेल्यावर सांगणार. कॅफेत चेरी भरलेली गोड व्लाय खाता खाता, गोडीगुलाबीनं."

"मोठा शूर! पण त्या आहेत कुठे?"

"मघाशी तर मागे होती. दमून बसली असेल बाकावर. थांब, तिचाच फोन... आई? कुठे आहेस? वर?"

"काय म्हणतायत?"

"रांगेला कंटाळून चालत गेली. कॉफीसुद्धा पिऊन झाली म्हणे."

"आणखी काय?"

"विचारतेय, खाली येऊन मला हाताला धरून वर नेऊ का."

"दे तो फॉर्म इकडे. नाव बदलते."