ओल्या तख्त्यावरचा पहिला बार

माझं नाव मधुकर वानखडे, वय वर्षे चौसष्ट, राहणार रांझी, जबलपूर, आणि जे सांगतो आहे ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता सांगतो आहे. हसू नका, मला अशीच सवय आहे. एकवीस वर्षं मी एका वकिलाकडे टाइपिस्ट होतो, दिवसभर लोकांची भांडणं टाइप करायचो, आणि सकाळ-संध्याकाळ लोकांना वजन उचलायला शिकवायचो. आजोबा वरूडकडचे, खमरियाच्या कारखान्यात मजुरीला आले, वडील तिथंच खरादावर, म्हणजे लेथ मशीनवर, लागले, आणि मी जन्मलो तो क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आजही पत्रं मी हिंदीत लिहितो, पण राग मला मराठीतच येतो.

शरीराचं वेड वडिलांकडून आलं. ते फार बोलत नसत, पण जड वस्तू कशी उचलायची हे त्यांनी मला सात-आठ वर्षांचा असताना दाखवलं होतं, पाठ सरळ, ढुंगण मागं, वस्तू अंगाला चिकटलेली, श्वास भरून. पुढे मी जे शेकडो पोरापोरींना शिकवलं ते एवढंच, बाकी सगळा विस्तार. मी स्वतः राज्यपातळीपर्यंत गेलो, त्यापुढे गेलो नाही, त्याची खंत आता नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी टाइपिंग सोडलं आणि आमच्या व्यायाम मंडळानं मला पूर्णवेळ प्रशिक्षक नेमलं. मंडळाचं नाव मी सांगणार नाही. मला बदनामी करायची नाही, झालेली गोष्ट जशी झाली तशी सांगायची आहे.

त्या मंडळाची नियमावली मी स्वतः टाइप केली आहे, नुसती टाइप नाही, अर्धी अधिक मीच रचली आहे. तिच्यातला चौदावा नियम असा, की प्रशिक्षकाला कामावर असताना इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याची जागा त्याचीच राहील, दुसऱ्या कोणाला ती देता येणार नाही. आणि त्याला जोडून एक पोटनियम, की प्रशिक्षकाला धोक्याची सूचना मिळालेली असूनही त्यानं ती डावलली असेल, तर हे संरक्षण त्याला मिळणार नाही. तो पोटनियमही माझाच. त्या काळी एक प्रशिक्षक होता, दारू पिऊन शिकवायला यायचा, त्याच्यासाठी मी तो घातला होता, आणि घालताना मला फार समाधान वाटलं होतं.

आता प्रसंग सांगतो. आमच्याकडे हनुमान जयंतीला सकाळी लोखंडाची पूजा असते. ज्या लाकडी फळ्यांच्या चौकोनावर उभं राहून वजन उचलतात त्याला आम्ही तख्ता म्हणतो, त्या तख्त्यावर बार, म्हणजे वजनं चढवलेली लोखंडी दांडी, ठेवतात, शेंदूर लावतात, हार घालतात, ढोल वाजतो, आणि मग सगळ्यांत ज्येष्ठ प्रशिक्षक पहिला बार उचलतो. तो उचलेपर्यंत त्या दिवशी लोखंडाला कोणी हात लावत नाही. आणि आणखी एक, पहिला बार कधी टाकायचा नाही. इतर दिवशी वजन झेपलं नाही तर सोडून द्या, आम्हीच तसं शिकवतो, पण त्या दिवशीचा बार हळू, हातानं, जमिनीला टेकवायचा. तो टाकला तर वर्षभर कोणाचं ना कोणाचं हाड मोडतं असा आमच्याकडे समज आहे. मी सुशिक्षित माणूस आहे, मी हा समज मानत नाही, पण काय सांगू तुम्हाला, चौतीस वर्षं मी तो पाळला.

पूजेचा नारळ तख्त्यावर फोडायचा नाही, याबद्दल मी मंडळाला एकूण पाच पत्रं दिली होती. पाण्यानं फळी निसरडी होते, कडुनिंबाखाली फोडा, असं स्वच्छ लिहिलं होतं, पोच घेतली होती, पोचेच्या प्रती माझ्या फाइलीत आहेत. तीन-चार वर्षं ते कडुनिंबाखाली फोडत होते सुद्धा. त्या वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांना पुढे दोन ठिकाणी जायचं होतं, बुटाची नाडी सोडायला सुद्धा त्यांना वेळ नव्हता, आणि आमचे सचिव त्यांना म्हणाले की भाईसाहब, कहाँ बाहर जाएँगे, यहीं फोड़ दीजिए. त्यांनी तिथंच फोडला. पाणी दोन फळ्यांवर पसरलं. कोणीतरी वर्तमानपत्रानं पुसलं, म्हणजे पसरवलं. इथे एक गोष्ट मी मध्ये सोडतो आहे, ती मला आठवते आहे, पण ती तिच्या क्रमानं येईल.

बारवर ऐंशी किलो होते. माझ्यासाठी ते काही वजन नाही, म्हणजे नव्हतं. मी उभा राहिलो, श्वास भरला, उचललं. बार गुडघ्याच्या वर आला आणि डावा पाय बाहेरच्या बाजूला सरकला, फार नाही, चार बोटं सरकला असेल. कमरेच्या खाली, डाव्या अंगाला, आत कुठेतरी काहीतरी सुटलं. दुखलं नाही आधी. आधी गरम वाटलं, मांडीवरून पोटरीपर्यंत गरम पाणी उतरावं तसं. त्या क्षणी मी बार सोडायला हवा होता. माझ्या हाताखालच्या कोणाचं असं झालं असतं तर मी ओरडलो असतो, फेंक दे. पण तो पहिला बार होता. मी तो सरळ केला, सगळ्यांना दाखवला, आणि त्याच कमरेनं हळूहळू खाली टेकवला. टाळ्या पडल्या. मग मी उठू शकलो नाही.

डॉक्टर नंतर म्हणाले की मणक्यातली चकती सरकली ती उचलताना, पण नस दबली ती बहुधा खाली ठेवताना. आप छोड़ देते तो शायद इतना न होता. हे वाक्य मी रोज ऐकतो, माझ्याच डोक्यात.

पहिले दोन महिने मी माणूस नव्हतो. सुमन, माझी बायको, मला कुशीवर वळवायची. शिंक यायला लागली की मी पलंगाची कड धरायचो, देवाचं नाव घ्यायचो, मी, ज्यानं कधी घेतलं नाही. खाली बसायचं बंद झालं, संडासात खुर्ची आली, पायजम्याची नाडी तिनं बांधायची. डाव्या पायातली चप्पल गळून पडायची आणि मला कळायचंच नाही, मी चार पावलं पुढे गेलेलो असायचो आणि ती मागून म्हणायची, अहो, पाय कुठं ठेवून आले. मग तिलाच रडू यायचं. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येते, फिजिओथेरपीवाली. पहिल्या दिवशी तिनं माझ्या पाठीला लांब काठी लावली आणि म्हणाली अंकल, काठी डोक्याला, पाठीला आणि खाली, तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे, आता कमरेतून नाही, नितंबातून वाका. चौतीस वर्षं मी हेच झाडूच्या दांड्यानं शिकवलं. मी वाकलो. अर्ध्यावर अडकलो. ती म्हणाली बहुत अच्छा अंकल, साँस मत रोकिए.

तिसऱ्या महिन्यात मंडळाचं पत्र आलं. आपली प्रकृती वयोमानानुसार झिजल्यामुळे आपण प्रशिक्षकपदावरून निवृत्त होऊ इच्छिता असे समजते, सोबतच्या मसुद्यावर सही करून पाठवावी. समजते! कोणाला समजते, कोणाकडून समजते? मी पलंगावर पडल्या पडल्या, छातीवर पाटी ठेवून त्याला चार पानी उत्तर लिहिलं. सदर इजा कामावर असताना झाली, मंडळाच्या जागेत झाली, मंडळानं लेखी सूचना मिळूनही निसरड्या केलेल्या तख्त्यावर झाली, सबब चौदाव्या नियमानुसार माझी जागा माझी आहे आणि अपघाताच्या नोंदवहीत तशी नोंद करण्यात यावी. सुमन म्हणाली, काहून लिहून राहिले तुम्ही, कंबर मोडली पण पेन काही मोडला नाही तुमचा. मी तिला म्हटलं, मी झिजलो नाही, मला पाडलं आहे, या दोन गोष्टींत फरक आहे की नाही? ती म्हणाली फरक आहे, पण नाडी तर मलाच बांधावी लागते ना.

एकूण अकरा पत्रं झाली. माझं म्हणणं ऐकायला त्यांनी शेवटी तिघांची समिती बसवली. मला तिथं उभं राहूनच बोलावं लागलं, कारण त्यांच्या खुर्च्या खोल होत्या, बसलो असतो तर उठवायला माणूस लागला असता. सचिवांनी एमआरआयचा कागद दाखवला, त्यात जुनी झीजही लिहिलेली होती. मी म्हटलं, साठीच्या पुढच्या कोणाचाही फोटो काढा, तुमचा काढा, झीज निघेल, प्रश्न पाय कशानं सरकला हा आहे. सचिवांनी कागद घडी करून ठेवला. मला वाटलं जिंकलो. आणि मग मी माझा साक्षीदार बोलावला.

वंदना उईके. चोवीस वर्षांची आहे, बरगीकडच्या गावातली, सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे, आजवर मला मिळालेली सगळ्यांत चांगली कंबर, म्हणजे उचलण्याच्या बाबतीत म्हणतो आहे. पूजेच्या दिवशी ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. माझ्याकडचे सगळे रोजची वही लिहितात, काय उचललं, काय सुटलं, कुठं दुखलं, आणि खोटं लिहिलं तर मी वही फेकून देतो. तिला मी आधी काही विचारलं नाही. ज्या वकिलाकडे मी होतो ते म्हणायचे की आपल्या साक्षीदाराला आधी विचारल्याशिवाय उभं करू नये, हे मी हजार वेळा ऐकलं आहे. पण तिला आधी विचारणं म्हणजे तिला पढवणं असं मला वाटलं.

मी विचारलं, तख्ता गीला था? ती म्हणाली, जी सर. मी तिला बस म्हणणार, तेवढ्यात सचिवांनी विचारलं, बेटी, सर को मालूम था? तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात वही होती, ती तिनं उघडली नव्हती. मी म्हटलं, पढ़ो. काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं. हीच ती मघाशी सोडलेली गोष्ट. तिनं वाचलं, तख्ता गीला था, सर को बताया, सर बोले एक ही तो उठाना है.

मग समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं की हे बरोबर आहे का. लक्षात घ्या, त्या वेळी ढोल वाजत होता. ढोलात मला ऐकू आलं नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते कोणालाही खोडता आलं नसतं. ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं, जिभेवर होतं. सूचना मला पोचलीच नाही म्हटल्यावर पोटनियम लागू होत नाही, जागा राहते, नोंद होते. पण मग त्या मुलीची वही खोटी ठरते, तीन माणसांसमोर. मी म्हणालो, मैंने सुना था.

समितीनं दुसऱ्याच दिवशी निर्णय पाठवला, दोन ओळींचा, माझ्याच पोटनियमाचा क्रमांक घालून. नियमाला धरून आहे. मी तो चार वेळा वाचला, त्यात चूक सापडली नाही. नारळ फोडणाऱ्याबद्दल आणि फोडायला सांगणाऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, त्याबद्दल मी आजही लिहितो आहे आणि हात चालेल तोवर लिहीन, पण जागेबद्दल नाही.

माझी जागा वंदनाला दिली. ती त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आली, दारातच उभी राहिली, आत येईना. सुमननं हात धरून आत आणलं तर खाली मान घालून म्हणते, सर, माफ कर दीजिए, मुझे वो पन्ना फाड़ देना था. मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर ओरडलो आहे, पण त्या दिवशी जसा ओरडलो तसा कधी नाही, कमरेत कळ गेली, तरी थांबलो नाही. मी तिला मराठीत म्हणालो, तिला अर्धंच कळतं, तरी मराठीतच म्हणालो, पान फाडलं असतंस तर या घरात पाय ठेवू दिला नसता. साक्ष देणाऱ्यानं माफी मागायची नसते. मग सुमन म्हणाली, चला, चहा घ्या दोघं. आम्ही घेतला. ती बसून, मी भिंतीला टेकून उभा.

आता असं आहे की सकाळी तासभर मी जमिनीवरचे व्यायाम करतो, एक हात, विरुद्ध बाजूचा पाय, उचलून धरायचा, सुमन आकडे मोजते आणि मध्येच विसरते. डाव्या अंगठ्यात अजून जीव नाही. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, त्यांचा संमतीचा कागद मी घरी आणून वाचतो आहे, त्यात दोन ठिकाणी मला आक्षेप आहे. मंडळाकडे मी जात नाही. रस्ता तोच आहे, बाजारात जाताना लोखंड आपटल्याचा आवाज येतो, आणि आवाजावरून मला कळतं की कोणी टाकलं आणि कोणी ठेवलं. ती पोरगी धडधाकट राहो. तिच्या हाताखाली कोणाचा पाय सरकू नये. मला आता आडवं व्हावं लागेल, यापुढे उभं राहवत नाही. तुम्ही लिहून घेतलं असेल ते वाचून दाखवा, मी पडून ऐकतो, आणि मैंने सुना था असं मी म्हणालो तिथं ढोलाचं नाव घेऊन माझी बाजू सावरू नका, ढोल वाजत होता तरी मला ऐकू आलं होतं, तसंच लिहा.