गुडघ्याएवढं बंदर

सून : अर्ध्याअधिक गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एकही फोटो धड नाही. आई, मला आता हे जमणार नाही बहुतेक.

सासू : हळू बोल, ठमीचा आत्ता कुठे डोळा लागलाय बाबागाडीत. काय बिघडलंय फोटोंना?

सून : बघा ना. पायऱ्या. बिजागऱ्या. मांजर. नांगराची साखळी. गोदामाची एवढी देखणी कमान, वर दगडात कोरलेले मासे, आणि मी काय टिपलंय, तर उंबरठा.

सासू : छान आलाय की. मधोमध कसा झिजलाय, वाटीसारखा. आणि ऊन बघ, त्यात सांडल्यासारखं.

सून : दीड वर्ष नुसते या लोळणाऱ्या-रांगणाऱ्या पोरीचे फोटो काढले. कॅमेरा हातात आला की आपोआप उकिडवी बसते मी. संपादकबाई म्हणाल्याच होत्या, इतक्या दिवसांत हाताची सवय मोडते, आधी हे बंदर टिपून आण, मग कामाचं बघू. आता संध्याकाळी त्यांना काय पाठवू? बंदराचे घोटे?

सासू : तुला निदान घोटे तरी दिसले. मी इथे जन्मले म्हणून हौसेनं आले तुझ्याबरोबर, तर सकाळपासून एक भिंत ओळख देईना. सगळं सुंदर आहे गं, पण दुसऱ्या कुणाचं तरी. थांब. मागचा दाखव. ती भिंतीतली कडी.

सून : ही? होड्या बांधायची. पूर्वी पाणी इथवर यायचं म्हणे.

सासू : ही मी वाजवत बसायचे. बाबा गोदीतून येईपर्यंत. पुढे ने. हे दाराखालचं भोक, मांजरापुरतं. यात हात घातला म्हणून मार खाल्लाय मी.

सून : अहो, मघाशी याच दारासमोर उभ्या होतात. ओळखलं नाहीत.

सासू : उभी होते ना. गाव सोडलं तेव्हा चार वर्षांची होते, एवढीशी. कमानी बघितल्यात कुणी?

सून : म्हणजे हे सगळं…

सासू : मी पाहिलेलं गाव तुझ्या या डब्यात आहे. हेच पाठव. एकही गाळू नकोस.

सून : आणि त्यांनी विचारलं, कमान कुठाय?

सासू : विचारतील. तू पाठव. आणि हात दे, मला जरा खाली बसव.

सून : इथे, रस्त्यात? गुडघे धरतील तुमचे.

सासू : धरू देत. आमचं घर दिसतंय का बघते.