कोपऱ्याचा तुकडा

अहो, थांबा — मालकांना हाक मारू नका. केक कुणी केला एवढंच विचारायचंय ना? मग मला विचारा. मी केलाय. हसू नका, खरंच मीच — तुमच्या तुकड्याचा हा कोपरा बघा, आत दबलाय की नाही? उंदरानं कुरतडल्यासारखा? तो माझ्या भांड्याचा दोष. जन्मभर कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, आणि घरचं केकचं भांडं ठोकायला बसलो तर एक कोपरा आत दुमडला. बायको म्हणाली, असू दे, आपला केक हरवला तर ओळखता येईल. आता केक कधी हरवतो का? हरवतो, बघताय ना. आणि जरा हळू बोला — म्हणजे तुम्ही कुठं बोलताय, मीच बोलतोय. पण मालक आत शेगडीपाशी आहेत, आणि त्यांच्या समजुतीनं मी सकाळी डबा देऊन घरी गेलोय.

छे छे, चोरी कसली! मालक भला माणूस आहे. केक माझ्या मुलीसाठी असतो, दर रविवारी. ती इथंच वर राहते, तिसऱ्या मजल्यावर — राहायची. राहते, असंच म्हणायचं. माझे गुडघे जिने चढत नाहीत, म्हणून तीच म्हणाली, बाबा, डबा खाली हॉटेलात ठेवत जा, मी येता-जाता नेईन. ठेवत गेलो. पुढच्या रविवारी डबा परत, घासून-पुसून कोरडा. आधी आम्ही दोघं इथं बसून ऑम्लेट-टोस्ट खायचो — ते पलीकडचं टेबल, त्याचा पाय हलतो, खाली पुठ्ठ्याची घडी मीच घातलीय — माझ्या बशीतला टोस्ट उचलायची ती, लहानपणी उचलायची तसाच. मग ते कमी झालं. कामं असतात. जावईबापूंना तर काय, कामंच कामं. आणि एकदा काय झालं, घरात मनुका संपलेल्या, म्हणून नुसती लिंबाची साल किसून घातली. तर ही फोनवर म्हणते, बाबा, मनुका काय मस्त फुगल्या होत्या! मी काय म्हणालो? म्हणालो, हो ना, भिजवून घातल्या होत्या. का म्हणालो? तुम्हाला काय विचारतोय, मलाच कळलेलं नाही. फोन ठेवला, चपला घातल्या, इथवर आलो आणि वर पाहिलं. तिच्या खिडकीला भलतेच पडदे, आणि दोरीवर कुणाच्या तरी तान्ह्या बाळाची झबली. माझ्या मुलीला मूल नाही हो.

बदली झाली जावयाची. दूरच्या गावी. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं सांगितलं, मानेवर वस्तरा असताना, म्हणून हलताही आलं नाही. मला का नाही सांगितलं? रागावली होती? छे! अहो, तिची आई गेली आणि मी राहतं घर विकून इथं दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. हिच्याजवळ राहायचं म्हणून. विचारलं नाही तिला. म्हटलं, पोरीला आनंदाचा धक्का देऊ. धक्का बसला, आनंदाचं माहीत नाही. आणि वर्ष सरायच्या आत त्यांची बदली. आता अशा बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं, तुम्ही आलात आणि आम्ही निघालो? नाही जमलं तिला. मालकांना सांगून गेली असणार, बाबांचा डबा ठेवून घ्या, काही बोलू नका. मालक बिचारे कापून गिऱ्हाइकांना चहाबरोबर देतात, त्याचे पैसे लावत नाहीत. मला निरोपही देतात, ताई खूश होत्या, म्हणाल्या जरा गोड झालाय. खोटं बोलताना कान लाल होतात त्यांचे. मी म्हणतो, बरं, साखर कमी करतो. आणि करतो कमी!

मला कळलंय म्हणून सांगून का टाकत नाही? तुम्हाला सोपं वाटतंय. सांगितल्यावर हा माणूस डबा घेईल का? मग रविवारी मी कुणासाठी अंडी फेटायची? एकट्यासाठी करून बघितला एकदा. तिसऱ्या दिवशी कावळ्यांना घातला. इथं निदान कुणीतरी खातं — तुम्ही मघाशी डोळे मिटून खाल्लात, बघितलं मी. तिची आई तसंच खायची.

पण आज वेगळंच झालंय. काल तिचा फोन आला, बाबा, उद्या येते, बोलायचंय, खालच्या हॉटेलात भेटू. वर घरी या, असं नाही म्हणाली, बरं का. म्हणजे सांगणार. आणि मग म्हणणार, आमच्याकडे चला. तोंडदेखलं म्हणतेय की मनापासून, ते मला आवाजावरून कळेल, आणि ते कळायचीच भीती वाटते मला. सकाळी आरशासमोर चकित व्हायचा सराव केला. 'अगं, काय सांगतेस! कधी?' — जमलं? भुवया फार वर गेल्या का? मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी डबे देत राहिलो, हे कळलं तर पोर रडेल आणि निव्वळ दयेपोटी घेऊन जाईल. तसं जायचं नाही मला. आज केक कापू नका, एवढं मालकांना सांगायला हवं होतं, पण कसं सांगणार? सांगितलं की संपलंच.

आली. वळू नका! दारात उभी आहे ती, निळी पिशवी. वाळलीय हो. काउंटरकडे चाललीय — डबा मागतेय. अहो, डबा मागतेय! एकदा तरी माझ्यासमोर खायचा म्हणून असेल. मालक शेगडी सोडून बाहेर आलेत, त्यांचा चेहरा बघा. डब्यात कोपरा नाही, तो तुमच्या बशीत आहे. उठा. त्या मागच्या टेबलावर जा, बशी घेऊन जा. टाकू नका, खा, पण तिकडं खा. आणि मी तुम्हाला ओळखत नाही. उठा हो!

ये गं, ये. बस अशी समोर. डबा राहू दे, नंतर उघडू — अगं, काय सांगतेस! कधी?

…

नाही. तू अजून काही बोललीच नाहीस, नाही का.