रुमालाखालचा हात

माझ्या दुकानाशेजारच्या हसनभाईंचं नाव निघालं की माझा चहा कडू होतो, त्याचं कारण ऐका. गुळाच्या पेठेत तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचा. हा मान मालकाचा. पण हसनभाईंनी आपल्या तोलाऱ्याला, माल तोलणाऱ्या गड्याला, पुढं केलं. गडी पहिल्याच सौद्यात चढा भाव देऊन बसला. मी मनातून खूश! तर हसनभाई भर पेठेत म्हणाले, "सौदा दुकानाचा हाय. फुडचा बी ह्योच करंल."

सगळी पेठ त्यांची वाहवा करायला लागली. माझा नुसता जळफळाट.

संध्याकाळी माझा जुना माणूस धोंडिबा म्हणाला, "मालक, मला कवा शिकवणार?"

"पगार वाढवतो की!"

"पगाराचं न्हाय म्हणत. सौदा शिकवा."

"शिकून दुकान काढतोस व्हय?"

थोड्याच दिवसांत तो हसनभाईंकडं कामाला गेला. मी तणतणत त्यांच्या दुकानात शिरलो. "माझा माणूस फोडलासा!"

"आपल्या पायानं आलाय, शेठ. बसा, पान खावा." त्या गोडीनं तर अंगाची आणखीच आग झाली.

दिवाळीनंतर माझा गूळ विकताना रुमालाखाली हसनभाईंच्या वतीनं धोंडिबाचा हात आला. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदाच हातात घेतला. गड्यानं भाव असा पाडून घेतला की मी बघतच राहिलो.

"लई शिकलास की रं," मी म्हणालो.

"त्यांनी शिकवलं, मालक."